शुगर असणाऱ्यांची पडद्याची तपासणी: पहिल्यांदा जाणाऱ्या कोकणकरांसाठी

“माका समदा दिसता, मगे डोळे कित्याक दाखवूचे?” शुगर असलेल्या माणसाला डोळ्यांचा पडदा तपासून या म्हटलं की सिंधुदुर्गात हे उत्तर ठरलेलं. पण ही तपासणी करायची असते ती सगळं दिसत असतानाच. दिसेनासं झाल्यावर सुरू होते ती उपचारांची धावपळ, आणि तेव्हा गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं कुणी डॉक्टर सांगत नाही.

डोळ्यात होतं काय, ते आधी थोडक्यात. साखर बरीच वर्षं चढी राहिली की डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात. त्यांना छोटे फुगे येतात, त्यातून रक्त आणि पातळ द्रव झिरपतो, काही वाहिन्या बंदच पडतात. रक्त न मिळालेल्या भागात मग नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं. या आजाराला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. यात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, चिकटत नाही. पडद्याच्या मधल्या भागाला, म्हणजे मॅक्युलाला, सूज येईपर्यंत किंवा रक्त उतरेपर्यंत माणूस पेपर वाचत असतो, सुई ओवत असतो, गाडी चालवत असतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या एका मोठ्या पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी साधारण आठातल्या एकाच्या पडद्यावर हे बदल सापडले होते.

नंबर काढला म्हणजे पडदा तपासला, असं नाही

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात मशीनवर हनुवटी टेकवून नंबर काढला, ती पडद्याची तपासणी नाही. गावच्या शाळेत शिबिर झालं, टॉर्च मारून “मोतीबिंदू नाही, जा” म्हणाले, तीही नाही. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली तरी पडद्यावर आजार असू शकतो, अगदी पुढच्या टप्प्याचासुद्धा.

पडदा तपासला हे ओळखायचं कसं? दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक तर डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी केली आणि डॉक्टरांनी भिंग धरून आत पाहिलं, नाही तर फंडस कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढला. यातलं काहीच झालं नसेल तर तुमचा पडदा अजून कुणी पाहिलेला नाही, मग घरात चष्म्याच्या कितीही पावत्या असोत.

नंबरावरून आठवलं. साखर खूप वर-खाली होत असताना चष्म्याचा नंबरही हलतो. इन्सुलिन नुकतं सुरू झालंय, गोळ्या बदलल्यात आणि अचानक अंधुक दिसायला लागलं, तर लगेच नव्या काचा करू नका. साखर स्थिरावून काही आठवडे जाऊ द्या, नाही तर महिन्याभरात तो चष्मा खुंटीला टांगायची वेळ येते. पडद्याच्या तपासणीला मात्र थांबायची गरज नाही, ती करून घ्या.

कधी जायचं

मोठ्या वयात होणारा, म्हणजे टाइप २ मधुमेह असेल तर निदान झालं की लगेच. “आत्ताच तर शुगर निघाली” हे कारण चालत नाही, कारण ती निघण्याआधी काही वर्षं अंगात असू शकते. आपण रक्त तपासलेलं नसतं, एवढंच. लहानपणापासूनच्या टाइप १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी व्हावी लागते. त्यानंतर दोघांनाही साधारण वर्षातून एकदा. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा दाखवायचा आणि पुढेही डॉक्टर सांगतील तसा, कारण गरोदरपणात हा आजार झपाट्याने वाढू शकतो. फक्त गरोदरपणातच शुगर वाढली असेल तर एरवी या तपासणीची गरज पडत नाही.

वर्षाची तारीख ठरवताना आपल्या घरचं वेळापत्रक बघा. बागायतदाराला मार्च ते मे आंब्यातून मान वर काढायला मिळत नाही, त्याला “एप्रिलमध्ये या” म्हणणं फुकट आहे. भातवाल्यांना लावणी आणि कापणी सोडून दिवाळीनंतरचे दिवस बरे. होडीवर जाणाऱ्यांचं सोपं आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, जाळी विणता विणता एक दिवस काढता येतो. पावसाळ्याचा आणखी एक फायदा असा की बाहेर उजेड मवाळ असतो आणि थेंब घातलेल्या डोळ्यांना तो सोसतो. एसटी वेळेवर येईल का, हा प्रश्न वेगळा. चाकरमानी मुलगा-सून गणपतीला आले की त्यांच्यासोबत आई-वडिलांना नेणं सोयीचं पडतं, फक्त सुट्टीचे दिवस बघून निघा.

कुठे जायचं

सुरुवात जवळून करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात बीपी-शुगर तपासतात, तिथे चिठ्ठी मागा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असेल तर तो नंबर आणि मोतीबिंदू बघतो. पडद्यासाठी बहुतेक वेळा पुढे उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. दापोली, कामथे, कणकवली, सावंतवाडी, माणगाव इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसला जिल्हा रुग्णालय आणि त्याला जोडून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. चिपळूण-संगमेश्वरकडच्यांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय माहीत असतंच. खासगी नेत्रतज्ज्ञ तर प्रत्येक मोठ्या बाजारपेठेत आहेत.

कुठेही जा, आधी फोन करून दोनच प्रश्न विचारा. “डोळ्यांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात?” आणि “शुगरसाठी थेंब घालून पडदा बघतात का?” दुसरा प्रश्न याच शब्दांत विचारा. नुसतं “डोळे तपासायचे आहेत” म्हणालात तर नंबर काढून परत पाठवतील आणि देवरुखहून रत्नागिरीचा हेलपाटा वाया जाईल.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या अखत्यारीत नियम वेगळे असतात, तिथे केसपेपरच्या खिडकीवरच विचारून घ्या.

निघण्याआधी

उपाशी जायचं नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण तपासणी म्हटली की आपली माणसं सकाळचा चहासुद्धा सोडतात. पडद्याच्या तपासणीला रिकाम्या पोटाची काही गरज नाही. उलट गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, न खाता, रांगेत दुपारपर्यंत बसलात तर साखर उतरून घाम सुटेल, हातपाय थरथरतील. नेहमीसारखं खा, नेहमीच्या वेळेला औषध घ्या आणि पिशवीत डबा, केळं, थोडी साखर किंवा ग्लुकोज ठेवा. त्याच दिवशी उपाशीपोटीचं रक्तही द्यायचं असेल तर ते आधी उरकून, खाऊन मग डोळ्यांच्या रांगेत बसा.

पिशवीत आणखी काय? नेहमीचा चष्मा आणि चाळशी दोन्ही. चालू औषधांची पाकिटं (नावं पाठ करत बसू नका, रिकामी पाकिटं आणली तरी चालतात). तीन महिन्यांच्या शुगरचा, म्हणजे एचबीएवनसीचा शेवटचा रिपोर्ट, लघवीतल्या प्रोटीनचा असेल तर तोही. डोळ्यांचे जुने कागद. आधार कार्ड आणि रेशनकार्ड. काळा गॉगल किंवा निदान टोपी-छत्री. आणि सोबत एक धडधाकट माणूस. तो का, ते पुढे येईलच.

स्वतःच्या दुचाकीवरून जाऊ नका. थेंब घातल्यावर काही तास गाडी चालवायची नसते. एसटीने जाणाऱ्यांसाठी: महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाला अर्धं आणि पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत आहे.

तिथे काय होतं

केसपेपर काढताना “शुगर आहे, पडदा दाखवायचाय” एवढं सांगा. सकाळी लवकर पोहोचा, कारण थेंब घातल्यावर वाट बघण्यात वेळ जातो आणि उशिरा आलेल्याला “उद्या या” ऐकावं लागतं.

आधी तक्ता वाचायला लावतात, एकेक डोळा झाकून. मग डोळ्याचा दाब मोजतात. तो काचबिंदूसाठी, कारण मधुमेहींना काचबिंदूचा धोका जास्त असतो आणि मोतीबिंदूही लवकर येतो. मग थेंब. घालण्याआधी या गोष्टी असतील तर तोंड उघडून सांगा: हृदयाचा त्रास, आटोक्यात नसलेलं बीपी, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, किंवा आधी कुणी “डोळ्याचा कोन अरुंद आहे” म्हणालं असेल तर ते. काही थेंबांनी बीपी वाढू शकतं, दुसरे थेंब वापरता येतात, पण तुम्ही सांगितलं तरच.

थेंब चरचरतात. थोड्या वेळाने घशात कडू लागतं. डोळ्यातलं औषध नाकाच्या वाटेने खाली उतरतं म्हणून तसं होतं, घाबरू नका. डोळे मिटून बाकावर बसायचं. सिस्टर मधूनमधून येऊन टॉर्च मारते, “काका, अजून नाही झालं,” म्हणते आणि पुन्हा थेंब घालते. बऱ्याच वर्षांची शुगर असली की बाहुली आळशी होते, मोठी व्हायला वेळ घेते. शेजारचा तुमच्यानंतर येऊन आधी आत गेला तर त्याच्याशी भांडू नका, त्याची बाहुली लवकर उघडली असेल.

आत डॉक्टर डोक्याला दिवा बांधून, हातात भिंग धरून बघतात. “वर बघा. खाली बघा. माझ्या कानाकडे बघा. पापणी मिटू नका.” उजेड झगझगीत असतो, डोळ्यात पाणी येतं, पण दुखत नाही. कॅमेऱ्याची सोय असेल तर हनुवटी आणि कपाळ टेकवायचं, आतल्या खुणेकडे बघायचं, फ्लॅश पडतो आणि झालं. काही कॅमेऱ्यांना थेंबही लागत नाहीत. मात्र मोतीबिंदू दाट असेल तर फोटो धुरकट येतो. अशा वेळी “फोटो नीट आला नाही” याचा अर्थ “सगळं ठीक” असा घेऊ नका, डॉक्टरांनी थेंब घालून बघायला हवं. मॅक्युलाला सूज आहे का याची शंका असेल तर ओसीटी नावाचा स्कॅन सांगतात. त्यातही सुई नाही, मशीनसमोर बसायचं. हातात रंगाचं इंजेक्शन देऊन अँजिओग्राफी सांगितली तर पुढे दिवसभर लघवी गडद पिवळी-केशरी होते, हे आधी माहीत असलेलं बरं.

थेंबांनंतरचा अर्धा दिवस

चार-सहा तास, कधी जास्त, जवळचं अंधुक दिसतं आणि उजेड टोचतो. कंडक्टरने दिलेले सुटे पैसे मोजता येत नाहीत, मोबाइलवरचा आकडा दिसत नाही. म्हणून पैशांची आणि सहीची कामं थेंबांच्या आधी उरका, नाही तर सोबतच्याला करू द्या.

शहरातले डॉक्टर “गाडी चालवू नका” सांगतात आणि थांबतात. आपल्याकडे खरी अडचण गाडीतून उतरल्यावर सुरू होते. रस्त्यापासून वाडीपर्यंत पाखाडी असते, जांभ्याच्या पायऱ्या, एक उंच एक बुटकी, कडा झिजलेल्या, पावसात शेवाळलेल्या. मोठ्या झालेल्या बाहुलीला भर उन्हात दोन पायऱ्यांमधली कड सुटी दिसत नाही, सगळा एकच लालसर पट्टा वाटतो. सोबतच्या माणसाने एक पायरी पुढे, खाली राहून उतरायचं आणि तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. गडग्याला धरून एकट्याने उतरायची हौस दुसऱ्या दिवशी करा. त्या दिवशी माडावर चढणं नाही, कोयती-विळी नाही, होडीत पाय ठेवणं नाही.

कागद न वाचता घरी येऊ नका

आमच्याकडे तपासणीहून आलेल्या माणसाला “काय म्हणाले?” विचारलं की “काय नाय, बरा हा” एवढंच कळतं. तेवढ्यावर वर्ष काढता येत नाही. खोलीतून उठण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: दोन्ही डोळ्यांत रेटिनोपॅथी आहे का आणि कोणत्या टप्प्याची, मॅक्युलाला सूज आहे का, आणि पुन्हा कधी यायचं.

केसपेपरवर हेच इंग्रजी अक्षरांत असतं. ओडी किंवा आरई म्हणजे उजवा डोळा, ओएस किंवा एलई म्हणजे डावा. ६/६ म्हणजे लांबची नजर नीट, ६/१८, ६/६० असा खालचा आकडा वाढत जाईल तशी ती कमी. एनपीडीआर म्हणजे नव्या वाहिन्या उगवण्याआधीचा टप्पा, त्यात माइल्ड, मॉडरेट आणि सिव्हिअर अशा पायऱ्या. पीडीआर म्हणजे नव्या वाहिन्या आल्यात. डीएमई म्हणजे मॅक्युलाला सूज.

काहीच नसेल तर साधारण वर्षाने. माइल्डला सहा ते बारा महिन्यांनी, मॉडरेटला तीन ते सहा, सिव्हिअरला तीन महिन्यांच्या आत, आणि पीडीआर किंवा नजरेला बाधणारी सूज असेल तर रेटिना स्पेशालिस्टकडे लगेच. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी मुदत दिली तर तीच धरा. कागदाचा फोटो काढून मुलांना पाठवून ठेवा. पावसाळ्यात कपाटातल्या कागदांचं काय होतं हे सांगायला नको.

पुढे पाठवलं तर

रेटिना स्पेशालिस्ट प्रत्येक तालुक्यात नाही. रायगड आणि उत्तर रत्नागिरीची माणसं पनवेल-मुंबईला जातात, राजापूर-वैभववाडीकडची कोल्हापूरला, सावंतवाडी-दोडामार्गची गोव्याला. निघण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो उपचार आणि ते रुग्णालय बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. भरती न होता करून घेतलेली तपासणी आणि भरती होऊन घेतलेला उपचार यांचे नियम सारखे नसतात.

उपचार मुख्यतः तीन. लेझर बसून, भरती न होता होतो. तो आहे ती नजर राखण्यासाठी असतो, त्याने लगेच जास्त दिसायला लागेल ही अपेक्षा ठेवू नका. मोठ्या लेझरनंतर अंधारातली नजर थोडी कमी होऊ शकते, म्हणून पहाटे होडी काढणाऱ्याने आपला धंदा डॉक्टरांना आधी सांगावा. दुसरं, डोळ्यातलं इंजेक्शन. ऐकूनच अंगावर काटा येतो, पण डोळा बधिर करून पांढऱ्या भागात ते क्षणात देतात. एकाने भागत नाही, सुरुवातीला बहुधा महिन्याच्या अंतराने काही घ्यावी लागतात आणि मध्येच सोडली तर सूज परत येते. त्यानंतर काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही: डोक्यावरून अंघोळ नाही, समुद्र-नदी नाही, लावणीच्या चिखलात उतरणं तर नाहीच. तिसरं ऑपरेशन, रक्त साचलं असेल किंवा पडदा ओढला जात असेल तर. त्यात डोळ्यात गॅस भरला असेल तर उंचीवर जाताना तो फुगतो आणि डोळ्याचा दाब वाढतो. विमान वर्ज्य आहेच, पण आंबा, गगनबावडा किंवा आंबोलीचा घाट चढून-उतरून घरी यायचं असेल तर सुट्टी घेताना डॉक्टरांना रस्त्याचं नाव घेऊन विचारा. त्यांच्या डोक्यात विमान असतं, घाट नसतो.

साखरेबद्दल जास्त लिहीत नाही, ते रोज ऐकताच. पण डोळ्यांपुरतं एक: १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या अभ्यासात टाइप १ च्या ज्या रुग्णांना रेटिनोपॅथी नव्हती, त्यांच्यात ती सुरू होण्याचा धोका कडक साखर नियंत्रणाने ७६ टक्क्यांनी कमी झाला. बीपी आटोक्यात ठेवल्यानेही पडदा वाचतो. आणि बरीच वर्षं खूप वाढलेली साखर इन्सुलिनने किंवा नव्या इंजेक्शनांनी झपाट्याने खाली आणायची ठरली असेल तर त्याआधी पडदा दाखवून घ्या, कारण अशा वेळी सुरुवातीला आजार थोडा वाढू शकतो. औषध सोडायचं नाही, तपासणी पुढे आणायची.

ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही, अशा वेळा

डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके, जाळी किंवा लालसर धूर आला. वीज चमकल्यासारखं होऊ लागलं. एका बाजूने खिडकीचा पडदा ओढल्यासारखं झालं. एका डोळ्याने एकाएकी दिसेनासं झालं, किंवा सरळ रेघ वाकडी दिसायला लागली, तर दुखत नसलं तरी लगेच डोळ्यांचे डॉक्टर गाठा. थेंब घालून आल्याच्या रात्री डोळा लाल होऊन ठणकायला लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. हे क्वचित होतं, पण डोळ्याचा दाब चढल्याचं ते लक्षण आहे. जिल्हा रुग्णालयाची कॅज्युअल्टी रात्रीही उघडी असते. तिथे पोहोचल्यावर आज डोळ्यात थेंब घातले होते, हे पहिल्या वाक्यात सांगा आणि सकाळचा केसपेपर पुढे करा.